राजकीय समाजशास्त्र : प्रश्न आधी, विभाग नंतर

पदवी परीक्षांचे निकाल लागले की 'आता पुढे काय शिकावे' अशी पत्रे या सदराकडे येऊ लागतात. या खेपेस त्यांत राजकीय समाजशास्त्राच्या, म्हणजे समाज आणि सत्ता यांतील संबंध तपासणाऱ्या विषयाच्या, पदव्युत्तर अभ्यासाविषयी विचारणारी पत्रे बरीच आहेत आणि ती मुख्यतः नागपूर शहरातून आली आहेत. त्यांतील पाच पत्रांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी समाजशास्त्र घेऊन बी.ए. झाले आहे. निवडणुका, जात आणि चळवळी यांचा एकत्रित अभ्यास करण्याची माझी इच्छा आहे. एका महाविद्यालयातील राज्यशास्त्राच्या प्राध्यापकांनी 'हा समाजशास्त्राचा विषय आहे' असे सांगितले आणि समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी 'राजकारण शिकायचे तर राज्यशास्त्र घ्या' असे सुचवले. राजकीय समाजशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे की नाही, आणि मी एम.ए. कशात करावे?
— एक विद्यार्थिनी, महाल

उत्तर : तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. आपल्याकडील बहुतेक विद्यापीठांत राजकीय समाजशास्त्राची स्वतंत्र एम.ए. पदवी नसते. समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र या दोन्ही विभागांच्या अभ्यासक्रमांत या विषयाचा एखादा पेपर असतो, बहुधा ऐच्छिक. आणि अध्यापकपदाची पात्रता ठरवणाऱ्या नेट परीक्षेतही तो स्वतंत्र विषय म्हणून घेता येत नाही. मात्र पदवीवर नाव नाही म्हणून विषयाला स्वतःचा गाभा नाही, असे समजू नका.

हा गाभा समजून घेण्यासाठी परदेशी ग्रंथांच्याही आधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण वाचावे, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत आलो आहे. २६ जानेवारी १९५० रोजी आपण एका विसंगतीच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात प्रत्येकाच्या मताचे मूल्य समान असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील, असा इशारा त्यांनी त्या भाषणात दिला होता. राजकीय समाजशास्त्राचे बहुतेक सगळे महत्त्वाचे प्रश्न या विसंगतीतून निघतात. कायद्याने समान असलेली माणसे ग्रामसभेत, तहसील कार्यालयात आणि पक्षाच्या बैठकीत प्रत्यक्षात किती समान असतात? नसतील, तर समाजातील असमानता तेथपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते? आणि उलट बाजूने, हाती मत आल्यामुळे त्या असमानतेला कोठे तडा जातो का?

माक्स वेबर या जर्मन विचारवंताने १९१९ साली म्युनिक येथे दिलेल्या व्याख्यानात लोक दुसऱ्याची आज्ञा का मानतात, हा प्रश्न मध्यभागी ठेवला. परंपरेने चालत आले म्हणून, एखाद्या व्यक्तीच्या असामान्य प्रभावामुळे, किंवा नियमाने त्या पदाला तो अधिकार दिला आहे म्हणून, असे तीन आधार त्याने सांगितले. विद्यार्थी हे तीन प्रकार पाठ करतात आणि परीक्षेत लिहून मोकळे होतात, याचे मला दुःख होते, कारण त्यांचा खरा उपयोग ते एकाच ठिकाणी एकमेकांना भिडतात तेव्हा कळतो. पंचायतींना घटनात्मक स्थान देणाऱ्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीची अंमलबजावणी १९९३ मध्ये सुरू झाली आणि पुढे २०११ साली महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव केल्या. आज सरपंच झालेल्या बाईंच्या हातात नियमाने दिलेला शिक्का असतो, आणि त्याच घरातील सासऱ्यांच्या किंवा पतीच्या शब्दामागे परंपरेचे बळ असते. कोणत्या गावात, कोणत्या परिस्थितीत तो शिक्का बाईंचा स्वतःचा शब्द बनतो आणि कोठे तो बनत नाही, हे शोधणे म्हणजे राजकीय समाजशास्त्र करणे होय. पंचायतराज कायद्याची कलमे वाचून याचे उत्तर मिळणार नाही, आणि कुटुंबसंस्थेवरचे प्रकरण वाचूनही मिळणार नाही.

भारतीय अभ्यासकांनी या विद्याशाखेत मोलाची भर घातली आहे. एम. एन. श्रीनिवास यांनी म्हैसूर भागातील रामपुरा गावाच्या अभ्यासातून प्रबळ जातीची संकल्पना पुढे आणली. संख्या, जमीन आणि स्थानिक सत्ता यांची सांगड कशी पडते, हे त्यातून दिसू लागले. आंद्रे बेते यांनी १९६५ साली तंजावर जिल्ह्यातील एका गावाच्या अभ्यासात जात, वर्ग आणि सत्ता या तिन्ही गोष्टी पूर्वी एकमेकींत गुंतलेल्या होत्या आणि आता हळूहळू सुट्या होत आहेत, असे दाखवले. रजनी कोठारी यांनी १९७० मध्ये असे मांडले की, राजकारणात जात आली म्हणून हळहळणारे लोक समाजात पाय नसलेले राजकारण शोधत असतात. जात राजकारणात येते तेव्हा राजकारणाबरोबर जातही बदलते. कोठारींचे म्हणणे तुम्हाला पटो वा न पटो, एम.ए.च्या दोन वर्षांत त्याच्याशी एकदा मनापासून भांडून पाहा.

आता प्रवेशाविषयी. तुमचे बी.ए. समाजशास्त्रात झाले आहे, म्हणून एम.ए.ही समाजशास्त्रातच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. संविधान, पक्षांचा इतिहास, निवडणूक पद्धती हे सारे चिकाटीने स्वतः वाचता येते. क्षेत्रकार्य, मुलाखत घेण्याची रीत, नमुना निवड आणि संख्याशास्त्राचा पाया यांना मात्र शिक्षक आणि बरोबरीचे विद्यार्थी लागतात, आणि हे शिक्षण समाजशास्त्र विभागात अधिक नियमाने मिळण्याची शक्यता असते. शिवाय सहायक प्राध्यापकपदासाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी मागितली जाते आणि नेटही साधारणपणे त्याच विषयात दिली जाते, त्यामुळे विषय बदलल्यास पुढे वाट अरुंद होऊ शकते. तुमच्या संस्थेत दुसऱ्या विभागाचा एखादा पेपर श्रेयांकासाठी (क्रेडिटसाठी) घेण्याची सोय असेल, तर राज्यशास्त्र विभागातील पक्षपद्धतीचा किंवा महाराष्ट्राच्या राजकारणाचा पेपर अवश्य घ्या.

नागपूरबाहेर जाण्याची तयारी असल्यास मुंबई विद्यापीठाचा १९१९ साली सुरू झालेला समाजशास्त्र विभाग, महाराष्ट्राच्या राजकारणाच्या अभ्यासाची दीर्घ परंपरा असलेला पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग, दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची राजकीय अभ्यासाची व सामाजिक व्यवस्थांच्या अभ्यासाची दोन निराळी केंद्रे, आणि हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ यांचा विचार करता येईल. केंद्रीय विद्यापीठांचे प्रवेश आता मुख्यतः सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेतून होतात. अर्ज भरण्याआधी तेथील अध्यापकांनी अलीकडे काय लिहिले आहे, ते वाचा. तुमच्या मनातील प्रश्नावर काम करणारा निदान एक शिक्षक तेथे असेल, तरच घर सोडून जाण्यात अर्थ आहे.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. पीएच.डी.साठी 'विदर्भातील जात आणि राजकारण : एक समाजशास्त्रीय अभ्यास' हा आराखडा सादर केला होता. 'विषय फार व्यापक आहे' असा शेरा देऊन समितीने तो परत केला. विषय मर्यादित करायचा म्हणजे एखादा तालुका निवडायचा एवढेच मला सुचते. मार्गदर्शन करावे.
— एक अध्यापक, नंदनवन

उत्तर : आराखडा परत आला, हे तुमच्या हिताचे झाले. तालुका निवडल्याने विषयाचा नकाशा लहान होईल, पण अडचण नकाशाची नाही. तुमच्या शीर्षकात प्रश्नच नाही. ज्याचे उत्तर आपल्या अपेक्षेहून वेगळे निघू शकते, तोच संशोधनाचा प्रश्न. विदर्भातील राजकारणावर जातीचा परिणाम होतो का, याचे उत्तर घराबाहेर पाऊल टाकण्याआधीच सगळ्यांना ठाऊक आहे; त्यासाठी तीन-चार वर्षे खर्च करण्याचे कारण नाही. दोन उदाहरणे जरा विस्ताराने देतो. ती उचलून आराखड्यात घालावीत असा हेतू नाही. प्रश्न कसा घडतो, ते त्यांतून दिसावे.

पहिले उदाहरण वेगळ्या विदर्भाचे. सेमूर मार्टिन लिप्सेट आणि स्टाइन रोक्कान या अभ्यासकांनी १९६७ मध्ये युरोपातील पक्षांच्या जडणघडणीचा उलगडा समाजातील चार भेदरेषांच्या आधारे केला : केंद्र आणि परीघ, राज्यसंस्था आणि चर्च, शेती आणि उद्योग, मालक आणि कामगार. समाजातील खोल दुभंग कालांतराने पक्षांच्या रूपाने स्थिरावतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. आता हा सिद्धान्त घेऊन नागपुरात उभे राहा. १९५६ पर्यंत हे शहर एका राज्याची राजधानी होते. १९५३ साली विदर्भासह मराठी भाषकांचे एक राज्य व्हावे यासाठी पुढाऱ्यांत नागपूर करार झाला. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाही. विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. प्रादेशिक असमतोलाचा प्रश्न त्यानंतरही संपला नाही, हे १९८३ च्या दांडेकर समितीपासून १९९४ च्या वैधानिक विकास मंडळांपर्यंत आणि पुढे केळकर समितीपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. केंद्र आणि परीघ यांतील भेदरेषा यापेक्षा ठळक क्वचितच सापडेल. तरीही या भेदरेषेवर उभा राहून विदर्भातील ६२ विधानसभा मतदारसंघांत दीर्घकाळ टिकलेला प्रबळ पक्ष निर्माण झाला नाही. का नाही?

हा खरा प्रश्न आहे, कारण त्याची निदान तीन-चार उत्तरे संभवतात आणि ती एकमेकांना छेद देतात. राज्यव्यापी पक्षांनी ही मागणी वेळोवेळी स्वतःच्या पोटात घेतली आणि तिची धार काढून घेतली, हे एक संभाव्य उत्तर. जातींच्या व धर्मसमूहांच्या निष्ठा प्रादेशिक भावनेला आडव्या छेदतात, हे दुसरे. विदर्भ हा एकच परीघ नाही. निजामाच्या राज्याशी दीर्घकाळ जोडलेला कापूस पिकवणारा वऱ्हाड, भोसल्यांच्या राज्यातून आलेले नागपूर आणि धानाचा व जंगलाचा पूर्व भाग यांची गाऱ्हाणी मुळातच वेगळी आहेत, हे तिसरे. आणि नागपूर करारातून आलेले हिवाळी अधिवेशन हीच तक्रारीला दरवर्षी वाट करून देणारी व्यवस्था ठरली, हे चौथे. पहिले उत्तर तपासायचे तर विधिमंडळातील भाषणे आणि पक्षांचे जाहीरनामे वाचावे लागतील. तिसरे तपासायचे तर अकोला व गोंदिया यांसारख्या दोन भिन्न भागांची तुलना करावी लागेल. पुरावा कोठे शोधायचा, हे अशा रीतीने प्रश्नच सांगू लागतो, आणि विषय आपोआप आटोक्यात येतो.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे आणि त्याविषयी लिहिताना मन जड होते. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी हिवाळी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जणांचा मृत्यू झाला. त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात ही मागणी होती आणि ती अनुसूचीतील 'गोंड गोवारी' या नोंदीशी निगडित होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये समाजाच्या बाजूने निर्णय दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो फिरवला. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव आहे. त्यावरून रोज हजारो लोक जातात.

राजकीय समाजशास्त्राचा विद्यार्थी येथे काय विचारील? राज्यसंस्था समाजाची नुसती मोजदाद करीत नाही. तिच्या याद्यांमुळे समाजाला स्वतःची ओळख नव्याने मांडावी लागते. मागणी रस्त्यावरून न्यायालयात गेली तेव्हा नेतृत्व कोणाकडून कोणाकडे गेले? मोर्चात माणसे गोळा करू शकणारा कार्यकर्ता आणि जुन्या जनगणना अहवालांतून, महसुली नोंदींतून पुरावा काढू शकणारा शिकलेला तरुण, यांतील कोणाचा शब्द समाजात आज चालतो? आपण कोण आहोत, याची कोणती कथा घरात सांगितली जाते आणि कोणती प्रतिज्ञापत्रात लिहिली जाते? या प्रश्नांवर काम करू इच्छिणाऱ्याने मृतांच्या कुटुंबीयांकडे प्रश्नावली घेऊन जाऊ नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. आधी समाजातील जाणत्या लोकांना आपला हेतू सांगावा, नकार मिळाला तर तो मानावा, आणि जे लिहिले ते त्यांना वाचून दाखवावे.

साधनांच्या बाबतीत नागपूरचा विद्यार्थी भाग्यवान आहे. राज्याच्या पुराभिलेख विभागाचे कार्यालय शहरात आहे. १९११ पासून निघणाऱ्या 'हितवाद'चे आणि मराठी दैनिकांचे जुने अंक ग्रंथालयांत पाहता येतात. विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तान्त छापील स्वरूपात आहेत. निवडणुकीच्या अभ्यासासाठी फॉर्म २० ही फार मोलाची वस्तू आहे. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली, हे दिलेले असते आणि मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते मिळते. मात्र तेथे एक सापळा आहे. एखाद्या केंद्राच्या परिसरात अमुक समाजाची वस्ती जास्त आहे आणि तेथे अमुक पक्षाला मते जास्त पडली, एवढ्यावरून त्या समाजाने त्या पक्षाला मते दिली असे सिद्ध होत नाही; त्याच केंद्रावरील इतरांनी ती दिलेली असू शकतात. शिवाय स्वातंत्र्यानंतरच्या २०११ पर्यंतच्या जनगणनांतून अनुसूचित जाती व जमातींचेच जातनिहाय आकडे मिळतात, त्यामुळे कुणबी, तेली, माळी यांच्या टक्केवारीचे जे आकडे बोलण्यात आणि वर्तमानपत्रांत फिरतात, ते अंदाज असतात. प्रबंधात ते अंदाज म्हणूनच लिहावेत. केंद्रनिहाय आकड्यांतून दिसलेला कल मुलाखतींनी किंवा लहानशा सर्वेक्षणाने पडताळावा. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतील 'लोकनीती' या उपक्रमाने वर्षानुवर्षे केलेल्या निवडणूक सर्वेक्षणांच्या प्रश्नावल्या त्यासाठी जवळून पाहण्यासारख्या आहेत.

नवा आराखडा लिहाल तेव्हा पहिल्या परिच्छेदात प्रश्न लिहा, दुसऱ्यात त्याची किमान दोन परस्परविरोधी उत्तरे लिहा, आणि कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही स्वतःचे मत बदलाल, हे तिसऱ्यात लिहा. शीर्षक सर्वांत शेवटी ठरवा.

प्रश्न : माझ्या मुलीला समाजशास्त्रात एम.ए. करून पुढे राजकीय समाजशास्त्रात संशोधन करायचे आहे. तिला विरोध नाही, परंतु उदरनिर्वाहाचे काय, ही काळजी आहे.
— एक पालक, प्रतापनगर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. महाविद्यालयांतील कायम पदांची भरती संथ आहे, आणि पात्रता असलेले अनेक जण तासिका तत्त्वावर अत्यल्प मानधनात वर्षे काढत आहेत. तेव्हा केवळ प्राध्यापकीच्या भरवशावर या अभ्यासाकडे येऊ नये.

संशोधनाच्या काळात आधार मिळू शकतो. नेटमधून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. राज्यात बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी) आणि नागपुरातच मुख्यालय असलेली महाज्योती (इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी) या शासकीय संस्था आपापल्या प्रवर्गातील पीएच.डी. विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिरातींवर नियमित लक्ष ठेवावे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र व राज्यशास्त्र हे दोन्ही वैकल्पिक विषय आहेत. सर्वेक्षण संस्था, ग्रामविकासाचे काम करणाऱ्या संस्था आणि पत्रकारिता येथेही या विषयाच्या विद्यार्थ्याला काम मिळते. मात्र तेथे पदवीपेक्षा कौशल्य पाहिले जाते. मुलीने एम.ए. करतानाच संख्याशास्त्रीय संगणक-प्रणाली, प्रश्नावली तयार करणे आणि अहवाललेखन शिकून घ्यावे. पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात एखाद्या सर्वेक्षणावर प्रत्यक्ष काम केले, तर हा अभ्यास आपल्याला मानवतो की नाही, हेही तिला कळेल.

प्रश्न : मी आंबेडकरी चळवळीत काम करतो आणि त्याच चळवळीतील संघटनांवर एम.ए.चा प्रबंध लिहू इच्छितो. वर्गात 'कार्यकर्ता तटस्थ राहू शकत नाही' असे ऐकावे लागले. मी विषय सोडावा का?
— एक विद्यार्थी, इंदोरा

उत्तर : विषय सोडू नका.

डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला, तेव्हा जातीची झळ सोसलेला विद्यार्थीच तो वाचत होता. तरीही त्यातील युक्तिवाद आधीच्या अभ्यासकांच्या मतांची एकेक करून चिकित्सा करीत पुढे सरकतो आणि आजही शास्त्रीय कसोटीवर वाचला जातो. रॉबर्ट मिशेल्स हा स्वतः जर्मनीच्या समाजवादी पक्षात वावरलेला माणूस होता. लोकशाहीसाठी उभ्या राहिलेल्या संघटनाही हळूहळू मूठभर पुढाऱ्यांच्या हाती कशा जातात, हे त्याने १९११ च्या ग्रंथात मांडले, ते मुख्यतः त्याच पक्षाच्या अनुभवावरून. संघटनेच्या आत वावरलेल्याला सभेतील ठराव आणि सभेनंतर चहाच्या टपरीवर झालेला खरा निर्णय यांतील अंतर माहीत असते. बाहेरून आलेल्याला ते कळायला फार काळ लागतो.

परंतु तुमच्या शिक्षकांच्या शंकेत तथ्य आहे आणि तिची जबाबदारी तुम्हीच उचलली पाहिजे. वेबरने अभ्यासकाकडून अशी अपेक्षा केली की, त्याने स्वतःच्या पक्षाला गैरसोयीची असलेली तथ्ये ओळखायला शिकावे आणि शिकवावे. ही कसोटी तुम्ही स्वतःला लावा. क्षेत्रकार्याला निघण्यापूर्वी एका कागदावर असे लिहून ठेवा की, कोणती गोष्ट सापडली तर तुम्हाला ती छापणे जड जाईल. आणि मग नेमकी ती गोष्ट शोधायला जा. संघटना सोडून गेलेल्या लोकांना भेटा. स्त्री कार्यकर्त्यांना पुरुष पदाधिकाऱ्यांच्या गैरहजेरीत भेटा. रिपब्लिकन पक्षाची १९५७ मध्ये स्थापना झाल्यानंतर त्याच्या फाळण्या का होत गेल्या, याचे उत्तर पुढाऱ्यांच्या स्वभावात शोधण्याचा मोह अनेकांना होतो. पैसा कोठून येत होता, शाखा कोण चालवत होते, मोठे पक्ष युतीत काय देऊ करीत होते, या बाजूंनी पाहिले तर वेगळे चित्र दिसू शकते.

आपल्या शहराचा इतिहास या बाबतीत विलक्षण दाट आहे. काँग्रेसला व्यापक सभासदत्वाची आणि भाषावार प्रांतिक समित्यांची घडण देणारे डिसेंबर १९२० चे अधिवेशन येथेच झाले. १९२५ च्या विजयादशमीला राष्ट्रीय स्वयंसेवक संघ येथे स्थापन झाला. जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षाची स्थापना येथील परिषदेत झाली. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची धम्मदीक्षा येथलीच. त्यामुळे नागपुरात संशोधकाचा प्रश्न ऐकण्याआधी 'तुम्ही कोणत्या बाजूचे' असे विचारले जाते. तुम्हालाही विचारतील. खरे उत्तर द्या, प्रबंधाच्या प्रस्तावनेतही ते लिहा, आणि शक्य असल्यास चळवळीबाहेरचा मार्गदर्शक निवडा.

प्रश्न : मी गोंदिया जिल्ह्यातून नागपूरला शिकायला आले आहे. माझे शिक्षण मराठीतून झाले. या विषयाची पुस्तके इंग्रजीत आहेत आणि चार ओळी वाचल्या की धीर सुटतो. वर्गात बोलताना माझ्या भाषेला हसतात. मला हा विषय झेपेल का?
— वसतिगृहातील एक विद्यार्थिनी

उत्तर : झेपेल. सुरुवात मराठीतून करा, आणि तसे करण्यात काही कमीपणा मानू नका. महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा राज्ययंत्रणा, कारकुनशाही आणि कुणब्याचे दारिद्र्य यांतील संबंध उलगडणारा ग्रंथ आहे. त्याला राजकीय समाजशास्त्राचा मराठीतील आरंभ मानावे, असे मला वाटते. त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा 'गावगाडा' वाचला की वतनदारी, बलुते आणि गावातील अधिकार यांची रचना डोळ्यांसमोर उभी राहते. आत्रे यांची सगळीच मते आज स्वीकारता येणार नाहीत, पण त्यांचे निरीक्षण बारीक आहे. मराठी विश्वकोशातील समाजशास्त्र व राज्यशास्त्र यांच्या नोंदी संकल्पनांच्या पहिल्या ओळखीसाठी विश्वासार्ह आहेत, आणि 'समाज प्रबोधन पत्रिके'चे जुने अंक मिळतील तेथे चाळावेत.

इंग्रजी मात्र टाळू नका, कारण पुढचे वाचन त्याच भाषेत आहे. आठवड्याला एकच लेख किंवा एकच प्रकरण घ्या. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडू नका. लेखक कोणाशी वाद घालतो आहे, एवढेच शोधा. दुसऱ्या वाचनानंतर एक पान मराठीत लिहा आणि त्यात तुमच्या गावातील एक उदाहरण घाला. उदाहरण सुचले नाही, तर प्रकरण अजून समजलेले नाही असे धरा आणि पुन्हा वाचा. दोन मैत्रिणी मिळाल्या तर हे पान एकमेकींना वाचून दाखवा. पहिल्या सत्रात गती फार मंद वाटेल; तिसऱ्या सत्रापर्यंत ती वाढलेली तुमच्या ध्यानात येईल.

तुमच्या बोलण्याला हसणाऱ्यांचा मला राग येतो, परंतु त्याहून महत्त्वाचे आहे ते हे की, तीच भाषा तुमच्या कामाला येईल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या पट्ट्यात धानाच्या बांधावर, तेंदूपत्त्याच्या फळीवर (संकलनाच्या जागी), ग्रामसभेत लोक झाडीबोलीत, गोंडीत, हिंदीत बोलतात. वनहक्क कायदा २००६ साली आला आणि पुढे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, तेव्हापासून या भागातील ग्रामसभा हा राजकीय समाजशास्त्राचा मोठा विषय झाला आहे : जंगलावरचा अधिकार गावाकडे आला की गावातील सत्ता कोणाकडे जाते? तेथे छापील प्रश्नावली घेऊन येणाऱ्या संशोधकाला लोक सरकारी माणूस समजतात आणि जपून उत्तर देतात. तुमच्याशी ते मोकळे बोलतील. मुलाखत ध्वनिमुद्रित केली, तर ती आधी जशीच्या तशी झाडीबोलीत उतरवून घ्या, प्रमाण मराठीत नंतर आणा, आणि दोन्ही वह्या प्रबंध सादर होईपर्यंत जपून ठेवा.